रिकामा हारा वर जात नाही

विद्यापीठाचा फॉर्म चार पानांचा होता. ‘बाजारपेठ’ या रकान्याला अर्धं पान, ‘नावीन्य नेमके कशात’ याला अर्धं, ‘भविष्यातील विस्तार’ याला तर अख्खं पान. ‘लाभार्थी’ला एक ओळ. मी त्या ओळीत बारीक अक्षरात ‘आंबेनळी घाटातल्या वाडीतली पंधरा घरं’ एवढं लिहिलं आणि ओळ संपली. यांचं आणि आमचं फार जमणार नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजांत तेव्हा एकच वारं शिरलं होतं, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. विद्यापीठाने इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी नवनिर्मिती आणि उद्योजकतेची स्पर्धा काढली आणि आमच्या नोटीस बोर्डावर तिचं पोस्टर लागलं. पेटलेला बल्ब, बल्बच्या आत हिरवं रोपटं. ज्याने ते चित्र काढलं त्याने पेटलेल्या बल्बला कधी हात लावून बघितला नसावा.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जायचे. शिफ्टच्या बसथांब्याला छप्पर हवं इथपासून ते भंगारातून आणलेल्या रसायनांच्या निळ्या पिंपांत पिण्याचं पाणी भरू नका इथपर्यंत सगळ्या विषयांवर मी बारावीपासून पत्रकं लिहीत आले होते. एका म्हाताऱ्या कामगार कार्यकर्त्याने मला ते शिकवलं. पहिल्या ओळीत कोणाला त्रास आहे ते सांग, शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते सांग, मधलं कापता येईल तेवढं काप. स्पर्धेचा अर्ज मी त्याच पद्धतीने लिहिला. पहिली ओळ होती, ‘माझ्या काकूचा गुडघा गेला आहे.’ आमच्या गाइड सरांनी ती लाल शाईने खोडली आणि वर लिहिलं, ‘डोंगराळ भागातील मालवाहतुकीची समस्या’. आता गुडघा काकूचा होता, तो डोंगराळ भागाचा कसा झाला हे मी सरांना विचारलं. सर म्हणाले, फॉर्म असाच भरतात.

काकू म्हणजे माझी सख्खी चुलती. वडील महाडला आले, काका मुंबईला गेले, काकू वाडीत राहिली. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळीचा घाट आहे, त्याच्या एका वळणावर उभं राहिलं की समोर वरच्या अंगाला आमची वाडी दिसते. कौलं मोजता येतात, कोणाची चूल पेटली तेही कळतं. पण मध्ये दरी. ती उतरून पलीकडे चढायला रिकाम्या माणसाला तास लागतो आणि डोक्यावर ओझं असलेल्या बाईला दोन. पुरुष सगळे मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला येणारे. राहिल्या बायका आणि म्हातारे. पाऊस लागला की खालची वाट चार महिने बंद, म्हणून मे महिना संपायच्या आत तांदूळ, मीठ, रॉकेल, कांदे, सुकी मासळी, सगळं वर चढवून ठेवायचं. या बेगमीला आमच्याकडे आगोट म्हणतात. आगोट चढायची ती बायकांच्या डोक्यावरून. डोक्यावर आधी कापडाची वळलेली चुंबळ, तिच्यावर हारा, म्हणजे मोठी वेताची टोपली, आणि हाऱ्यात जे काय असेल ते. काकूची चुंबळ तिच्या लग्नातल्या लुगड्याची होती.

तर मला दरीवरून दोर टाकायचा होता. वरून खाली येणारं ओझं जड असेल तर ते आपल्याच वजनाने खालचा रिकामा पाळणा वर ओढून घेतं. त्याला ना वीज लागते, ना डिझेल. ही कल्पना काही माझी नव्हे, हिमालयात असे दोर चालतात हे पुस्तकात होतं. माझं म्हणणं एवढंच की ते आंबेनळीत का चालू नयेत.

माझ्या जोडीला वर्गातला एक मुलगा होता, महाडच्या एका मुसलमान ट्रान्सपोर्टवाल्यांचा. घरचे चार ट्रक, म्हणून मी त्याला शेठ म्हणायची. तो मला पत्रक म्हणायचा. “काय पत्रक, आज कोणाचा निषेध?” अशी त्याची सकाळ सुरू व्हायची. दोराच्या वरच्या टोकाला मोठं चाक लागणार होतं आणि त्या चाकाला ब्रेक. मी हिशेब मांडत बसले होते, तो वडिलांच्या गॅरेजमधून ट्रकच्या मागच्या चाकाचा हब उचलून घेऊन आला. बेअरिंग आतच आणि ब्रेकड्रमही आतच. दहा टन माल घाटातून उतरवताना जो ब्रेक ट्रक थांबवतो तो तुझी गवताची पेंढी थांबवणार नाही का, असं त्याने मला विचारलं. मी कागद मिटून ठेवले.

वायररोप आम्ही दासगावच्या एका माणसाकडून आणला. खाडीतल्या रेतीच्या बोटींवरचा जुना दोर होता, धागान् धागा तपासून चांगला तेवढा तोडून घेतला.

काकूने मात्र आधी अट घातली. तिच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडाला दोर बांधायचा, वाडीच्या माणसांनी अंगमेहनत करायची, आणि नाव कॉलेजचं व्हायचं, हे तिला सरळ दिसत होतं. अंगणात बसून गुडघ्याला तेल चोळत ती म्हणाली, “ह्या वर्साची आगोट दोरावरून चढव. पंधराच्या पंधरा घरांची. मग काय ती स्पर्धा जिंक, नायतर हर. आमाला काय त्याचं.”

मी हो म्हटलं. शब्द दिला, असंच म्हणते. कारण तिने लगेच उठून आपली चुंबळ खुंटीवरून काढली आणि ट्रंकेत तळाला ठेवून दिली. मला दाखवून ठेवली.

शिमग्याला मुंबईची माणसं आली आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी वीसेक जणांनी तो दोर दरीतून ओढून ताणला. त्यांच्याशिवाय ते काम झालंच नसतं. पालखी नाचवणारे खांदे होते ते, दोर कसा सोडायचा आणि कधी धरायचा हे कोणी सांगावं लागलं नाही. दोन जाड दोर, प्रत्येकावर एक लोखंडी पाळणा, पाळण्यात हारा, आणि दोन्ही पाळण्यांना जोडणारा एक पातळ दोर वरच्या हबावरून फिरून गेलेला. एक पाळणा वर असला की दुसरा खाली. वर ब्रेकवर मी, खाली रस्त्याच्या वळणावर शेठ. एवढ्या अंतरावरून एकमेकांचे हात काय करतात ते दिसत नव्हतं. आम्ही घंटा बसवायचं ठरवलं होतं, वाडीवाल्यांनी ती उडवून लावली. दरीपलीकडे बोलवायचं तर लांब हाळी मारून कुकारा द्यायचा, हे इथे लहान मुलालाही येतं. खालून कुकारा आला की मी ब्रेक सोडायचा.

खालून कुकारा आला. मी ब्रेक सोडला. वरचा हारा सुक्या गवताच्या पेंढ्या घेऊन झोकात निघाला. पोरंबाळं ओरडली. हबावरून दोर सरकत होता, मी हलका ब्रेक धरून होते आणि खरं सांगते, मला वाटलं की आपण जग बदललं. दरीच्या बरोबर मध्यावर दोन्ही पाळणे समोरासमोर आले आणि थांबले. ब्रेक पूर्ण सोडलेला. एक वारा आला, दोन्ही हारे जरा झुलले, आणि पुन्हा गप्प.

मी हिशेब आठवू लागले. खालून येणारा हारा रिकामा, वरून जाणारा भरलेला. थांबायला कारणच नव्हतं. बेअरिंग धरलं म्हणावं तर हब हाताने फिरत होता. शेवटी माणसांनी खालून दोर ओढून वरचं ओझं उतरवलं, तेव्हा तो ‘रिकामा’ हारा वर आला. त्यात काय होतं ते मी मोजत बसले नाही, पण डोळ्यांना दिसलं ते सांगते. वळणावरच्या चहावालीने दिलेले पाच नारळ. वाडीतून खाली गेलेल्या बायकांनी भरलेलं मिठाचं पोतं. कोणाच्या माहेरचा तांदूळ. शिमग्याच्या पोळ्यांचं फडक्यात बांधलेलं गाठोडं. आणि सगळ्यात वर एक स्टीलचा डबा, जो मी ओळखला. तो शेठच्या घरचा होता.

तो धापा टाकत वर चढून आला तोवर मी भाषण तयार ठेवलं होतं. मी विचारलं, खाली तुला कशाला उभं केलं होतं? बायकांना अडवलं का नाहीस? तो म्हणाला, अडवलं, पण त्यांचं म्हणणं रिकामा हारा वर कसा धाडायचा, लोक काय म्हणतील.

“आणि हा डबा?”

“अम्मीने दिला होता. काकूंसाठी.”

“तू इंजिनिअर ना रे?”

“मग काय झालं? तुझ्या काकूंकडे रिकामा हारा पाठवू?”

काकू हसून हसून खाली बसली. आमच्याकडे शेजारची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर घालून जाते. महाडच्या मोहल्ल्यातही तेच. एवढी साधी गोष्ट मला जन्मापासून माहीत होती, आणि मी सगळं यंत्र एका रिकाम्या हाऱ्याच्या भरवशावर उभं केलं होतं. दोराला मध्ये झोळ असतो, सुरुवातीला उतार जास्त, म्हणून जड हारेसुद्धा निघाले. मध्यावर दोघांचं वजन सारखं भरलं आणि अडकले. विज्ञान बरोबर होतं. माणसं मी हिशेबात धरली नव्हती.

आणि त्याहून मोठी चूक काकूने दाखवली. वाडीला खाली पाठवायला होतं काय? थोडं गवत, आंबे आले तर आंबे. जड होतं ते सगळं वर यायचं होतं. मी उलटं यंत्र बांधलं होतं. काकू उठली, ऐनाच्या मागच्या झऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “वरून जड पायजे ना? मग पानी हाय की. भर आनि सोड.”

आमचा झरा बारमाही आहे. तो दरीत वाया जातो. दोन्ही पाळण्यांना आम्ही एकेक निळं पिंप बांधलं. वर आलेल्या पिंपात नळीने झऱ्याचं पाणी भरायचं, खालचा हारा जितका जड तितकं जास्त भरायचं, ब्रेक सोडायचा. पिंप खाली गेलं की ओतून टाकायचं, हाऱ्यात माल भरायचा, कुकारा द्यायचा. पिंपांवर मी मोठ्या अक्षरात ‘पिण्यासाठी नाही’ रंगवलं, त्यात माझी जुनी हौसही भागली. आणि ओतलेल्या पाण्याचा उपयोग शेठला सुचला. घाट चढणाऱ्या गाड्या त्याच वळणावर तापून उभ्या राहतात. रस्त्याकडेला एक टाकी बांधली आणि ड्रायव्हर तिथे थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालू लागले. चहावालीचा धंदा वाढला, तशी टाकी घासायचं काम तिने न सांगता अंगावर घेतलं. फॉर्ममधल्या बाजारपेठेच्या रकान्यात मी लिहिलं, ‘गाडी तापलेला ड्रायव्हर’. सरांनी हे खोडलं नाही. बहुतेक ते थकले होते.

फोटो आणि रेखाटनं पाहून विद्यापीठाने आम्हाला अंतिम फेरीला निवडलं. कॉलेजात सत्कार झाला. एप्रिलच्या मध्याला आगोट चढायला लागली. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चार घरांची चढली होती. कोणाच्याही डोक्यावर हारा नव्हता. तेव्हा विद्यापीठाचं दुसरं पत्र आलं. अंतिम फेरी मेच्या मध्याला, विद्यापीठाच्या आवारात. प्रत्यक्ष चालणारं यंत्र आणणं सक्तीचं. फोटो आणि प्रतिकृती यांना गुण नाहीत.

सरांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. दोर सोडा, हब आणि पाळणे टेम्पोत घाला, तिथे पटांगणात उभं करा, आठ दिवसांत परत बांधा. मी विचारलं, परत कोण बांधणार? ताणणारी वीस माणसं मुंबईला गेली, ती आता गणपतीला येणार. पाऊस जूनला येणार. अकरा घरांची आगोट रस्त्यावर पडून राहणार. सर म्हणाले, “बाई, ही स्पर्धा आहे, समाजसेवा नाही.”

मला सर वाईट माणूस वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत. पण ज्या यंत्राची किंमत ते चालतंय म्हणून, ते चालणं बंद करून आणा म्हणजे बक्षीस देतो, असं सांगणाऱ्या नियमाला नियम म्हणायची माझी तयारी नव्हती. नोकरी देणारे व्हा म्हणता, आणि पहिलीच गोष्ट शिकवता की गिऱ्हाइकाचं काम अर्धवट सोडून परीक्षकाकडे पळा.

हे सगळं मी शेठला तावातावाने सांगितलं. मग त्याने मला जे सांगितलं ते त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनी ठरवलं होतं, डिग्री झाली की कुवेतला मामाकडे. त्याला महाडातच वर्कशॉप टाकायचं होतं. वडील म्हणाले होते की विद्यापीठाचा पहिला नंबर आण, मग बघू. तो म्हणाला, “तुला पत्रक काढायला अजून शंभर विषय मिळतील. मला ही एकच फेरी आहे.”

मी म्हटलं, काकूला तू विचार. माझ्याने होणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. काकू ब्रेकवर बसली होती, खालून पाचव्या घराचा तांदूळ येत होता. शेठने सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही, कुवेतचंही. काकूने हारा वर येईपर्यंत ब्रेकवरचा हात काढला नाही. हारा उतरवला, पिंपाला नळी लावली, हात पदराला पुसले.

“घेऊन जा, पोरा. दोर तुमचा हाय,” ती म्हणाली. “पन आधी सांगा काय. मना ट्रंकेतली चुंबळ काढाया लागंल.”

रागावली नव्हती ती. टोमणाही नव्हता. तिला खरंच चुंबळ काढावी लागली असती, आणि गुडघा तोच होता.

पिंप भरून वाहायला लागलं तेव्हा शेठने नळी बाजूला केली. मग मला म्हणाला, “पत्रक लिही. दोर नाय निघायचा.” महाडच्या शाळेत शिकलेला पोरगा, एरवी शुद्ध बोलायचा. तेवढं वाक्य त्याने वाडीच्या बोलीत टाकलं.

मी तिथेच ऐनाखाली बसून विद्यापीठाला पत्र लिहिलं. पहिली ओळ: ‘अकरा घरांची चार महिन्यांची शिधासामग्री आजही रस्त्याकडेला ताडपत्रीखाली आहे.’ शेवटची ओळ: ‘यंत्र येणार नाही. परीक्षकांनी यावे.’ मधलं सगळं कापलं. सरांनी त्यावर सही करायला नकार दिला. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून सही केली, एकच शब्द बदलून. ‘परीक्षकांनी यावे’च्या जागी ‘परीक्षकांनी कृपया यावे’. तेवढं मी मान्य केलं.

अंतिम फेरीला आम्ही गेलो, सायकलच्या हबावर केलेली छोटी प्रतिकृती घेऊन. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. शेजारच्या टेबलावर पाणी भरलं की आपोआप बंद होणारा पंप होता, पलीकडे अंध माणसासाठी वाजणारी काठी. चांगली कामं होती, पोरं हुशार होती. मला राग त्यांचा नव्हता. एकाने मला विचारलं, तुमचं खरं यंत्र कुठाय? मी म्हटलं, कामावर गेलंय.

तीन परीक्षक होते. त्यांतल्या दोघांनी कागद बघितला, प्रतिकृती बघितली, नियम वाचून दाखवला आणि पुढे सरकले. तिसऱ्या बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, कारखान्यांच्या शॉपफ्लोअरवर आयुष्य काढलेल्या. त्यांनी प्रतिकृतीकडे पाहिलंच नाही. विचारलं, “दोराच्या टोकाला क्लॅम्प किती मारलेत?”

शेठ म्हणाला, दोन.

“कमी आहेत. मला जागा दाखवा.”

मी म्हटलं, आंबेनळी. परवा या.

त्या परवा आल्या नाहीत, निकाल लागल्यानंतर आल्या. निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं. पोलादपूरला एसटीतून उतरल्या, हातात पिशवी, पायात बूट. मी त्यांना घ्यायला गेले होते. वाटेत मी नियमांविषयी बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी मला थांबवलं. नियम त्यांनीही वाचला होता, त्यात आम्हाला गुण देता येत नव्हते आणि त्यांनी दिले नाहीत. त्या त्यासाठी आल्या नव्हत्या. दोन क्लॅम्पवर एखाद्याचं पोतं लटकतंय हे कळल्यावर त्यांना झोप येत नव्हती, म्हणून आल्या होत्या. अख्ख्या स्पर्धेत मला गप्प करणारं बोलणारा माणूस तो एकच.

पिशवीत त्यांनी क्लॅम्प आणले होते. दरी त्या पायीच चढल्या, दोनदा बसून. वर आल्यावर त्यांनी प्रत्येक टोकाला आणखी दोन क्लॅम्प शेठकडून मारून घेतले, नट कसा फिरवायचा ते स्वतः पाना हातात घेऊन दाखवलं, हाऱ्यात किती ओझं भरायचं त्याची खूण हाऱ्यालाच लाल सुतळीने बांधायला लावली आणि बजावलं, माणूस म्हणून कोणी यात बसायचं नाही, कितीही घाई असली तरी. मग तासभर काकूच्या शेजारी ब्रेकवर बसल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, मी पाणी भरत होते. मधूनमधून हसण्याचा आवाज यायचा.

जाताना त्यांची पिशवी काकूने पाळण्यातून खाली सोडली. त्या पायवाटेने उतरल्या, शेठ सोबत. खाली पिशवी जड लागली म्हणून त्यांनी उघडली, तर आत फणस. त्या हसल्या आणि मग, शेठने नंतर मला सांगितलं, त्या अस्वस्थ झाल्या. वर जाणाऱ्या हाऱ्यात त्या वेळी काही माल नव्हता. त्यांनी पर्स चाचपली, खिसे चाचपले. शेठ म्हणाला, मॅडम, राहू द्या, रिकामा हारा वर हलका जातो, तेच बरं. त्यांनी ऐकलं नाही. वर हारा आला त्यात त्यांचा पाना होता, लाकडी मुठीचा, मुठीवर हाताच्या घामाने काळा पडलेला. त्यांच्या आयुष्यभराचा असावा.

डिग्री झाल्यावर शेठ कुवेतला गेला. वडिलांनी शब्द पाळला, त्यानेही. दोन वर्षांनी परत आला आणि महाडला वर्कशॉप टाकलं, कारण त्या वळणावर वडिलांच्या ड्रायव्हरांनी टाकीचं पाणी वापरून वापरून घरी इतकं सांगितलं होतं की शेवटी वडीलच एकदा रेडिएटर तापल्याचं निमित्त करून थांबले, दोर चालताना पाहिला आणि वर्कशॉपला हो म्हणाले. आता आणखी दोन वाड्यांचे दोर त्याने ओढलेत. दोन्हींच्या कागदांवर लाभार्थीचा रकाना पहिला आहे, मी छापून दिलाय.

त्या वर्षीची आगोट पंधराच्या पंधरा घरांची चढली. काकूचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर तिचं मीठ वर आलं, मग रॉकेलचा डबा, मग सुकटीची पिशवी. हबातून जरा कुरकुर ऐकू येत होती. शेठने ग्रीसचा डबा उघडला आणि पुसायला फडकं मागितलं. काकू घरात गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. ती बाहेर आली ती चुंबळ घेऊन. लग्नातल्या लुगड्याची ती, वेढे अजून तसेच. तिने ती उलगडली, मधोमध फाडली, अर्धी शेठच्या हातात दिली आणि अर्ध्याने स्वतः बेअरिंग पुसायला बसली.

हबाच्या शेजारी खिळ्याला ते फडकं अजून लटकलेलं असतं. काळंकुट्ट. मी गेले की काकू त्यालाच हात पुसते आणि मला सांगते, जरा ब्रेक धर गो, खालून कुकारा आलाय.